लाईट जाते तेव्हा : संगणकाच्या शीतनिद्रेची तवारीख

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळेच्या संगणक खोलीत नववीच्या मुली आपापल्या दादी-नानीच्या आठवणी टाइप करत बसल्या होत्या. काम मीच दिलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक जुनी गोष्ट ऐकायची, ती उर्दूत लिहायची आणि खाली तिचा मराठीत गोषवारा द्यायचा. एका मुलीची नानी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जात होती. मुलीने नानीचं सगळं बोलणं वहीत न उतरवता डोक्यात ठेवून आणलं होतं आणि दोन तास मान खाली घालून ती टाइप करत होती. लाल मिलो, सुकडी, मुकादमाचं नाव, पाण्याच्या टँकरमागे धावणारी पोरं. शेवटच्या परिच्छेदावर आली आणि लाईट गेली. यूपीएस चार मिनिटं ओरडला आणि गप्प झाला. खोली अंधारली.

"टीचर, सब गया क्या?"

सगळं गेलं होतं. सेव्ह करायला शिकवलं होतं, पण नानीबरोबर खडी फोडायला गेलेल्या मुलीला सेव्हची आठवण कुठून राहणार? पुढच्या आठवड्यात तिने नानीला पुन्हा विचारलं. नानीने सांगितलं, पण निम्मंच. मुकादमाचं नाव तिला या वेळी आठवलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट पहिल्यासारखी नसते.

मी राहते कुरकुंभला, पुणे-सोलापूर रस्त्यावर. एका बाजूला फिरंगाई देवीचं गाव, दुसऱ्या बाजूला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी. रात्री गावातली लाईट गेली तरी तिकडचे दिवे बहुतेक चालू असतात. त्यात राग धरण्यासारखं काही नाही. कारखाना मध्येच थांबला तर भट्टीतला माल वाया जातो आणि धोकाही होतो, म्हणून तिथे पर्यायी विजेची सोय ठेवावीच लागते. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. अर्धवट झालेला माल वाया जाऊ नये याची काळजी कारखान्यात घेतात, तशी अर्धवट झालेल्या लिहिण्याची काळजी संगणक का घेत नाही?

उत्तर शोधायला गेले तेव्हा कळलं, की ही सोय आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षं आहे. आमच्या जुन्या संगणकांवर जे लिनक्स आहे, त्यातही आहे. फक्त ती बंद ठेवलेली होती. ती कुणी बनवली, कुणासाठी बनवली आणि मग कुणी का बंद केली, याची ही छोटी तवारीख.

झोप दोन प्रकारची

आधी शब्द नीट समजून घेऊ. बेडूक किंवा अस्वल थंडीत जी दीर्घ झोप घेतं, तिला आपण शाळेत शीतनिद्रा म्हणून शिकतो. इंग्रजीतला 'हायबरनेशन' तोच. संगणकाला मात्र दोन झोपा येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली हलकी झोप. पडदा विझतो, प्रोसेसर थांबतो, पण मेमरीला थोडी थोडी वीज मिळत राहते. मेमरी म्हणजे रॅम. तिच्यात जे आहे ते वीज असेपर्यंतच टिकतं. म्हणून या झोपेत लाईट गेली, बॅटरीही संपली, की सगळं पुसलं गेलं. दुसरी गाढ झोप, म्हणजे शीतनिद्रा. यात मेमरीत जे काही आहे त्याची हुबेहूब नक्कल डिस्कवर लिहिली जाते आणि मग यंत्र पूर्ण बंद होतं. प्लग काढून ठेवा, आठवडाभर लाईट येऊ नका देऊ, फरक पडत नाही. पुन्हा चालू केलं की डिस्कवरची नक्कल मेमरीत परत येते आणि कर्सर त्याच अक्षरापुढे लुकलुकतो.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून 'एसीपीआय' नावाचं मानक काढलं. त्यात या झोपांना क्रमांक दिले. हलकी झोप 'एस-३', शीतनिद्रा 'एस-४'. त्याआधी काही लॅपटॉप हे काम स्वतःच, बायोसच्या पातळीवर, डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत करत. मायक्रोसॉफ्टने ही सोय विंडोज २००० मध्ये आणली. लिनक्सची वाट वेगळी होती, आणि ती वाट मला शिक्षिका म्हणून जास्त जवळची वाटली.

दोन एमबीवाला माणूस

शीतनिद्रेसाठी डिस्कवर एक राखीव जागा लागते. तिला 'स्वॅप' म्हणतात. मेमरी अपुरी पडली, की तिच्यातला काही भाग तात्पुरता इथे ठेवायचा, हे तिचं मूळ काम.

लिनस टॉरवल्ड्स हा हेलसिंकीचा विद्यार्थी. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने आपण एक कार्यप्रणाली लिहितो आहोत असं जाहीर केलं. त्या वर्षाच्या अखेरीस जर्मनीतल्या एका वापरकर्त्याने त्याला कळवलं, की त्याच्या यंत्रात फक्त २ एमबी मेमरी आहे आणि तेवढ्यात लिनक्स स्वतःचं संकलन करू शकत नाही. लिनसने नाताळच्या सुट्टीत बसून डिस्कचा मेमरीसारखा वापर करणारी व्यवस्था लिहिली. जानेवारी १९९२ मध्ये आलेल्या ०.१२ आवृत्तीत ती होती. ही हकिकत त्याने स्वतःच आपल्या आत्मकथनात सांगितली आहे.

मला ही हकिकत मोलाची वाटते. त्या जर्मन माणसाला कुणी 'नवीन यंत्र घे' असं सांगितलं नाही. त्याच्या कमजोर यंत्रासाठी व्यवस्था बदलली गेली, आणि तो बदल मग सगळ्यांच्याच कामी आला. पुढे शीतनिद्रा उभी राहिली ती याच राखीव जागेवर. म्हणजे तिचा पाया एका गरीब यंत्रासाठी घातला गेला होता.

हंगेरी, प्राग, वॉर्सॉ, ऑस्ट्रेलिया

लिनक्ससाठी शीतनिद्रेची पहिली संहिता १९९८ मध्ये हंगेरीच्या गाबोर कुटीने लिहायला घेतली. सुरुवातीपासून त्याच्यासोबत चेक प्रोग्रामर पावेल माखेक होता. त्यांच्या कामाचं नाव 'स्वसस्प'. २००२ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, त्या वेळच्या २.५ या विकसनशील मालिकेत, दाखल झालं.

कल्पना सोपी होती. आधी चालू असलेले सगळे प्रोग्राम जिथे आहेत तिथे गोठवायचे. मग मेमरीचं छायाचित्र घ्यायचं. ते स्वॅपमध्ये लिहायचं. स्वॅपच्या सुरुवातीला त्या जागेची ओळख सांगणारी एक सही असते. ती बदलून तिथे 'इथे कुणीतरी झोपलेलं आहे' अशा अर्थाची दुसरी सही करायची आणि वीज बंद करायची. सकाळी यंत्र चालू झालं, की नवा कर्नल आधी ती सही पाहतो. झोपलेल्याची सही दिसली तर छायाचित्र मेमरीत उतरवतो, जुनी सही परत लावतो आणि स्वतः बाजूला होऊन जुन्याला जागा देतो. सही परत लावायची, कारण एकाच छायाचित्रातून दोनदा उठायचं नसतं.

कल्पना सोपी, काम अवघड. झोपवणं जमलं, उठवणं जमेना. मेमरीचं छायाचित्र घेता येतं, पण ग्राफिक कार्ड, वायफाय, आवाजाचं कार्ड यांच्या पोटात काय चाललं होतं त्याचं छायाचित्र घेता येत नाही. प्रत्येक उपकरणाला उठल्यावर 'तू कोण, काय करत होतास' हे नव्याने सांगावं लागतं. ते सांगणारी संहिता, म्हणजे ड्रायव्हर, हजारो प्रकारची. कित्येक कंपन्या आपल्या उपकरणांची माहितीच देत नसत. एक ड्रायव्हर चुकला, की काळा पडदा.

ऑस्ट्रेलियाच्या नायजेल कनिंगहॅमने याच कामाची वेगळी, जास्त सोयीची आवृत्ती काढली. लिहिताना आकुंचन, किती टक्के झालं ते दाखवणारी पट्टी, मध्येच विचार बदलला तर थांबवायची सोय. २००७ मध्ये तिचं नाव 'टक्सऑनआइस' झालं. वापरणाऱ्यांना ती आवडत होती, पण मुख्य कर्नलमध्ये ती कधीच गेली नाही. कर्नलचे रखवालदार आणि तो यांच्यात रचनेवरून वर्षानुवर्षं वाद चालले. दरम्यान वॉर्सॉच्या रफाएल विसोत्स्कीने मुख्य कर्नलमधली संहिता पुन्हा घडवली. २००६ मध्ये २.६.१७ आवृत्तीत छायाचित्र लिहिण्याचं काम कर्नलच्या बाहेरच्या प्रोग्रामकडेही सोपवता येऊ लागलं. त्यामुळे आकुंचन आणि कुलूपबंद साठवण शक्य झाली.

या चौघांपैकी सुरुवातीला कुणालाही हे काम कुणा मोठ्या साहेबाने दिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी आपल्याकडे

२००६ हे साल महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या माणसाला वेगळ्या कारणाने आठवेल. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता. राज्यात विजेची मागणी वाढत गेली आणि निर्मिती मागे राहिली. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण तूट तशीच होती. ग्रामीण भागात दिवसाला दहा-बारा तास भारनियमन हा त्या काळचा सर्वसाधारण अनुभव. लग्नाची तारीख काढताना लोक भारनियमनाचं वेळापत्रकही बघत. दहावीची मुलं पहाटे उठत ती नमाजसाठी किंवा अभ्यासाच्या शिस्तीसाठीच नव्हे, तर लाईट तेव्हा असे म्हणून.

२००६ मध्ये पुणे शहरापुरता यावर एक तोडगा निघाला. तो 'पुणे मॉडेल' म्हणून ओळखला गेला. उद्योगांनी आपले स्वतःचे जनरेटर चालवायचे, तेवढी वीज शहराला मोकळी करायची आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून थोडा थोडा वसूल करायचा. सीआयआय या उद्योगसंघटनेने त्यात पुढाकार घेतला होता. शहर भारनियमनातून सुटलं. त्याच जिल्ह्यातला आमचा तालुका सुटला नाही. गावठाणाचा आणि शेतीपंपांचा फीडर वेगळा करायची योजना आली, घरात निदान दिवा राहावा म्हणून. ती टप्प्याटप्प्याने पोहोचली.

म्हणजे पाहा. जगाच्या एका टोकाला काही माणसं वीज गेल्यावरही काम जिवंत ठेवण्याची युक्ती घासूनपुसून तयार करत होती. तिची सगळ्यात जास्त गरज आमच्यासारख्या गावांना होती. आणि आमच्या गावांत तेव्हा संगणकच नव्हते. जिथे होते तिथे पेटीत होते.

एका ठिकाणी मात्र या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा म्हणून छोटी वस्ती आहे. २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेतला भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीची वीसेक मुलं, प्रत्येकाला हिरवा-पांढरा छोटा 'एक्सओ' लॅपटॉप. आदल्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना देशासाठी नाकारली होती. तरीही हा एक प्रयोग झाला.

त्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण. आजच्या साध्या मोबाइलपेक्षा कितीतरी कमी. पण त्याची रचना करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की जिथे हे यंत्र जाणार तिथे वीज भरवशाची नसेल. म्हणून पडदा सांभाळायला एक वेगळी चिप दिली. मूल पान वाचत असताना प्रोसेसर झोपून जाई आणि पडद्यावरचं पान तसंच राही. बटण दाबलं की प्रोसेसर जागा. ही शीतनिद्रा नव्हे, हलकी झोपच, पण डुलकी घेत घेत काम करणारी. ती प्रत्यक्षात नीट वठायला बराच वेळ लागला, कारण उठवण्याची तीच जुनी दुखणी इथेही होती. आणखी एक गोष्ट त्यात होती. मुलाला 'सेव्ह' करावं लागत नसे. 'जर्नल' नावाच्या रोजनिशीत त्याने जे केलं ते आपोआप नोंदलं जाई.

ती योजना देशभर कधी झाली नाही. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे दुर्लक्ष झालं ही टीका मला शिक्षिका म्हणून पटते. पण लाईट जाणार हे धरून चालणारं यंत्र, सेव्ह विसरणार हे धरून चालणारं यंत्र, ही दृष्टी मला अजूनही आवडते. आमच्या संगणक खोलीतल्या मुलीला त्या दिवशी नेमकं असंच यंत्र हवं होतं.

बंद का केली?

२०१२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू १२.०४ या लोकप्रिय आवृत्तीत शीतनिद्रेचा पर्याय मेनूतून काढून टाकला गेला. आणि वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्राचा बराचसा भाग भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं. या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मला त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात, कारण दोन्हींचा सूर एकच होता. आता याची गरज उरली नाही.

उबुंटूवाल्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बऱ्याच यंत्रांवर शीतनिद्रेतून नीट उठता येत नव्हतं आणि लोकांचं काम जात होतं. जी सोय काम वाचवण्यासाठी आहे तिनेच काम घालवलं, तर ती लपवलेली बरी. तो पर्याय काढला म्हणजे संहिता काढली नाही. ज्याला हवी त्याने स्वतः चालू करावी, एवढंच.

पुढे वाट आणखी अरुंद झाली. २०१७ पासून उबुंटू स्वॅपसाठी डिस्कचा वेगळा भाग न करता एक साधी फाइल करू लागलं. ती बहुधा मेमरीपेक्षा लहान, म्हणजे छायाचित्र मावेलच असं नाही. २०१९ मध्ये कर्नलच्या ५.४ आवृत्तीत 'लॉकडाउन' नावाचा सुरक्षा-पहारा आला. सिक्युअर बूट चालू असेल तर बऱ्याच वितरणांत हा पहारा शीतनिद्रेला मनाई करतो. कारण रास्त आहे. डिस्कवर पडून असलेल्या छायाचित्रावर मोहोर नसते, कुणी त्यात बदल केला तर उठणाऱ्याला कळणार नाही. २०२० मध्ये फेडोरा ३३ने डिस्कवरचा स्वॅपच सोडून मेमरीतच दाबून बसवलेला स्वॅप घेतला. वेगाला ते चांगलं. पण मेमरीची नक्कल मेमरीतच ठेवली तर वीज गेल्यावर ती कुठे राहणार?

प्रत्येक निर्णयामागे कारण आहे आणि प्रत्येक कारण वाचलं की पटतं. तरी सगळे निर्णय एका रांगेत ठेवले की एक गोष्ट दिसते. ज्यांनी ते घेतले त्यांच्या मनासमोरचं यंत्र म्हणजे चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप होता, लाईट असलेल्या गावातला. चार मिनिटांचा यूपीएस असलेला जुना डेस्कटॉप त्यांच्या समोर नव्हता. कुणी वाईट वागलं असं नाही. आपण तिथे हजर नव्हतो, एवढंच. १९९१ मध्ये त्या दोन एमबीवाल्या माणसाने आपली अडचण कळवली होती.

आमच्या खोलीत

आमच्याकडे पाच डेस्कटॉप आहेत. चार जीबी मेमरी, जुन्या फिरत्या डिस्क. मी काही संगणकाची शिक्षिका नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. शाळेची सुट्टी आणि संयम, एवढंच भांडवल.

पहिलं काम स्वॅप वाढवणं. आमची फाइल २ जीबीची होती. ती ६ जीबीची केली. कर्नल छायाचित्र शक्यतो मेमरीच्या पाच भागांपैकी दोन भागांत बसवायचा प्रयत्न करतो, म्हणून एवढी जागा लागतेच असं नाही. पण मेमरीइतकी आणि वर थोडी जास्त ठेवली की चिंता नाही.

दुसरं काम कर्नलला पत्ता सांगणं. उठताना छायाचित्र कुठे शोधायचं हे त्याला सुरू होतानाच सांगावं लागतं. इथे मी आठवडाभर अडकले. स्वॅप फाइल असेल तर तिचं नाव सांगून चालत नाही. ज्या क्षणी छायाचित्र शोधायचं असतं त्या क्षणी डिस्कवरची फाइलव्यवस्था उघडलेलीच नसते. गावच अजून उठलेलं नाही, तर 'मशिदीमागची तिसरी गल्ली' असा पत्ता कोण ओळखणार? तिथे गट नंबरच सांगावा लागतो. डिस्कचा ओळख-क्रमांक, आणि त्या डिस्कवर फाइलचा पहिला तुकडा नेमक्या कितव्या ठिकाणी आहे तो आकडा. दोन्ही शोधून काढायला आज्ञा आहेत. मी आकडा काढला, लिहिला आणि नंतर फाइलचा आकार बदलला. आकडा बदलला, माझ्या लक्षात आलं नाही. यंत्र झोपलं छान, उठलं ते कोरं.

तिसरं काम, सुरुवातीला मेमरीत चढणारं जे छोटं गाठोडं असतं ते नव्याने बांधणं. पत्ता त्यातही असावा लागतो. हेही मी एका यंत्रावर विसरले होते.

चौथं काम मुलींसाठी. यंत्राचं पॉवर बटण दाबलं की ते बंद न होता शीतनिद्रा घेईल, अशी सूचना व्यवस्थेच्या फाइलमध्ये लिहिली. चार मिनिटांत मेनू शोधायला लावायचं नाही. बटण एकदा दाबायचं आणि हात मागे घ्यायचा. आमच्या डिस्कला लिहायला अर्धा मिनिट पुरतो.

एक ताकीद मात्र सगळ्यांना. कर्नलच्या दस्तऐवजातही ती सुरुवातीलाच ठळक दिलेली आहे. यंत्र झोपलेलं असताना त्याच्या डिस्कला हात लावू नका. ज्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, तिथे एक झोपलेलं असताना दुसऱ्यातून त्याच्या फाइल बदलल्या, तर उठणाऱ्याच्या डोक्यातली डिस्क वेगळी आणि खरी डिस्क वेगळी. मग काम जातं ते दोघांचंही. आपल्याकडे अमानत म्हणतात ती हीच. ज्याची आहे तो परत येईपर्यंत तिला हात लावायचा नाही.

गुहेतले लोक

शुक्रवारी सूरह कहफ वाचणाऱ्यांना अस्हाबे कहफची गोष्ट सांगायला नको. जुलमी सत्तेपासून ईमान वाचवायला काही तरुण गुहेत गेले. तीनशे आणि वर नऊ वर्षं झोपले. उंबऱ्यावर पाय पसरून त्यांचा कुत्रा. उठले तेव्हा त्यांना वाटलं, दिवसभर झोपलो असू, किंवा त्याहूनही कमी. मग एकाला चांदीचं नाणं देऊन अन्न आणायला बाजारात पाठवलं. तफसीरकार सांगतात, की ते जुनं नाणं पाहूनच लोकांना कळलं, हे आजचे नाहीत. ख्रिस्ती परंपरेत हीच माणसं इफेससचे सात निद्रिस्त म्हणून येतात. गुहेत युगानुयुगं झोपलेला मुचुकुंद आपल्याकडच्या पुराणकथांतही आहेच.

आमचा पहिला संगणक नीट उठला तेव्हा मला ही गोष्ट आठवली. त्याच्या हिशेबाने क्षणही गेला नव्हता. पण मदरबोर्डवर, सेलवर चालणारं एक छोटं घड्याळ असतं. त्याने खरी वेळ सांगितली आणि कोपऱ्यातला आकडा पाऊण तासाने पुढे उडी मारून गेला. वायफायची जोडणी तुटलेली. ब्राउझरमधल्या एका संकेतस्थळाने पुन्हा पासवर्ड मागितला. जुनं नाणं चाललं नाही. एका यंत्राचा तो सेलच संपलेला होता, ते कित्येक वर्षं मागच्या तारखेत उठलं. गोल बटणासारखा सीआर २०३२ सेल आणून बसवला.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, दर पाच मिनिटांनी सेव्ह करायला शिकवा. तेही शिकवते. पण सेव्ह केल्याने फाइल वाचते, बैठक वाचत नाही. कुठल्या ओळीवर होतो, शेजारी कोणता शब्दकोश उघडा होता, मराठीतला कोणता शब्द उर्दूत शोधत होतो, हे सगळं मिळून काम असतं. दोन भाषांत काम करणाऱ्या मुलीच्या तीन-चार खिडक्या एका वेळी उघड्या असतात. त्या जशाच्या तशा परत मिळाल्या, की ती पुढे लिहू लागते. नाही मिळाल्या, की तास संपतो.

पाचपैकी चार संगणकांवर शीतनिद्रा चालली. पाचव्याचं ग्राफिक कार्ड वेगळं आहे. तो झोपतो आणि काळ्या पडद्यावर उठतो. बरेच उपाय करून पाहिले, जमलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं तेच दुखणं.

नानीची ती गोष्ट आता फाइलमध्ये आहे, दुसऱ्यांदा सांगितलेली, मुकादमाच्या नावाशिवाय. मुलीने त्या जागी तीन टिंबं दिली आहेत. आठवलं तर भरू, म्हणाली.

चार संगणकांच्या वर भिंतीला कागद चिकटवलाय, उर्दूत आणि मराठीत : लाईट गेली तर बटण एकदाच दाबा, मग थांबा. पाचव्याच्या वर वेगळा कागद आहे : या मशीनवर प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करा.